नाक गेलं तेव्हा

गटाच्या घाण्यावर माझं काम नाकाचं होतं.
पोतं सोडायचं, कोपरापर्यंत हात घालायचा,
तळाची वाटी काढून हुंगायची.
वरची नव्हे. वरची सगळ्यांचीच गोरी असते.

"घे." "नको."
एवढ्यावर मोचेमाडात मी माणसं जोडली, तोडली.
सख्ख्या दिराचं पोतं परत पाठवलं एकदा,
पोटात हिरवी बुरशी होती;
त्या वर्षी गणपतीत त्यांच्याकडची नेवरी आली नाही.

पण एक बुरसट वाटी पुरे असते.
पंधरा किलोचा डबा दिसतो निर्मळ,
आणि दुसऱ्या महिन्यात सावंतवाडीचा दुकानदार
झाकण उघडून तोंड फिरवतो.

माघात ताप आला.
आठव्या दिवशी उठले, दूध ठेवलं चुलीवर,
ते करपून काळं झालं तरी मी शेजारी उभीच.
अबोलीला वास नसतोच. पण सुरंगीला?
वळेसर नाकाला लावला,
नुसता गारवा.

कुणाला सांगितलं नाही.
दोन दिवस ढोंग केलं:
हुंगायची, डोळे मिटायची, मान हलवायची.
तिसऱ्या दिवशी पास्कू फर्नांडिसच्या पोत्याला "घे" म्हटलं,
तशी जुलेखाने घाण्याची मोटर बंद केली
आणि काही न बोलता माझ्याकडे बघत राहिली.

त्या रात्री कानाशी वाटी मोडून पाहिली.
सुकलेलं खोबरं कट्ट बोलतं,
ओलं नुसतं वाकतं, लोचट पाहुण्यासारखं.
ओल ऐकू येते.
धूर ऐकू येत नाही. खवटपणाला आवाज नाही.

सोमवारी अंगणात पोती लागली, तेव्हा सांगून टाकलं.
माझं नाक गेलं.
आता ज्याचं पोतं त्याने तळाची वाटी काढायची,
मागच्याच्या नाकाला लावायची,
आणि मागच्याने मोठ्याने बोलायचं.

हसले. मग गप्प झाले.
जयवंत गिरपाने पास्कूची वाटी हुंगली,
एकदा पास्कूकडे बघितलं, एकदा समुद्राकडे.
"धुराचो वास येता रे."
पास्कू म्हणाला, मळभ होतं चार दिवस,
करवंट्यांच्या जाळावर धरलं, काय करू?
आणि गिरप, ज्याने आजवर कुणाला काही शिकवलं नव्हतं,
म्हणाला, माझ्या होडीचं जुनं जाळं पडलंय, ने.
कमरेइतकं उंच बांध. खालून वारा लागला पाहिजे.
आणि सांजेला झाक, दव पडायच्या आत.

मी पंधरा वर्षं "नको" म्हणत होते.
का नको, ते मला कुणी विचारलं नव्हतं,
आणि मीही, खरं सांगायचं तर,
नाक वर करून पुढच्या पोत्याकडे वळत होते.

चैत्रात एकदा पास्कू फाटकातूनच फिरला.
पोतं खांद्यावर तसंच.
"परत व्हरतंय," म्हणाला. "अजून दोन उन्हं व्हयी."
कुणी हुंगलंसुद्धा नव्हतं.

धाकटी जाऊ आली पोतं घेऊन,
सवयीने वाटी माझ्याच नाकाखाली धरली.
आम्ही दोघी तशाच उभ्या.
मग तिने ती मागे घेतली, स्वतः हुंगली,
आणि रांगेला ऐकू जाईल असं म्हणाली,
"ह्यातलं अर्धं घ्या. अर्धं नको."

आता डबे आठ दिवस हलवत नाही.
गाळ बसतो, वरचं तेल निवळतं,
मी बोटावर घेऊन उन्हात धरते: पाण्यासारखं.
विचारते, वास कसा?
प्रत्येक जण वेगळं सांगतं.
गिरप म्हणतो, आज फोडलेल्या शहाळ्याचा.
पास्कू म्हणतो, कसलाच नाही, म्हणजे चांगलं.
जुलेखा थोडं थांबते,
"तान्ह्या मुलाच्या टाळूचा," म्हणते.

ते मी वहीत लिहिते,
डब्याच्या नंबरापुढे, तारखेसकट.