दहा परस खोल

"मॅडम, ढकलताना जे आडवं येतं
आणि उचलताना जे जड लागतं,
ते एकच कशावरून?"
बारावीच्या वर्गात निखत शेखनं विचारलं.
मी म्हणाले, लोकांनी मोजलंय.
"मोजलं ते कळलं. पण का?"
घंटा झाली. बरं झालं.

रविवारी कळमनुरीला, भावाच्या नव्या विहिरीत
क्रेनच्या डोलात बसून उतरत होते.
वर मुंजाजीचा ब्रेक निसटला.
पोट गळ्याशी आलं,
डोलाचा तळ पायांना लागेना,
हातातली किल्ली सुटली
ती नाकासमोर तशीच,
जणू तिला कुठं जायचंच नव्हतं.
तेवढ्यापुरती कळमनुरीखाली पृथ्वी नव्हती.

मग दोर ताणला. गुडघ्यांत एकदम दोन-दोन मी.
हे वजन का जडत्व?
गुडघ्यांना विचारलं, त्यांनाही सांगता येईना.

डोल गरगरला.
विहीरच माझ्याभोवती फिरतेय, असं म्हणायला
मला कोण अडवतंय?
पण तळाला ओंजळभर गढूळ पाणी होतं,
ते मधनं सरकून कडेला चढलं.
फिरतंय कोण, हे त्याला कुणी सांगितलं?
वर पाहिलं.
दिवसा विहिरीतून तारे दिसतात म्हणे.
मुंजाजीचं टक्कल दिसलं.
"बाई, भेव वाटलं का?"

खाली यल्लप्पा रिंगसाठी
दोन ओळंबे सोडून बसला होता,
या कडेला एक, त्या कडेला एक.
"दोन्ही सरळ हायेत," तो म्हणाला.
सरळ आहेत, पण एकमेकांना नाहीत.
साठ फुटांत केसाच्या चौथाईनं जवळ येतात.
"मंग सरळ कोणाला हायेत?"
मी बोटानं खाली दाखवलं.
त्यानं मुरुमाकडं बघितलं, मग माझ्याकडं,
आणि तंबाखू मळायला घेतली.

ब्रेकचा हिसका सगळीकडं सारखा असतो.
हिचं ओढणं मात्र एका ठिकाणी जाऊन मिळतं.
डोल लहान होता, म्हणून मघाचं ते
पृथ्वी नसणं पचलं.
डोल तालुक्याएवढा असता
तर दोन किल्ल्यांनी चुगली केली असती.

पण "का" तसाच राहिला.
किल्ली सापडली. चिखलात, उताणी.

सोमवारी निखत आली नव्हती.
फळ्यावर मी दोन उभ्या रेघा ओढल्या,
खाली जाताना जराशा जवळ येणाऱ्या.
मागच्या बाकावरून आवाज आला,
"मॅडम, रेघा वाकड्या आल्यात."