ओळ दोनशे बारा

वकील म्हणाले, कोड तुझाच कशावरून?
मी ओळ दोनशे बारा दाखवली.
गाणं बदलताना प्लेअर अर्धा सेकंद अडखळतो,
चूक माझी.
त्यांचाही तिथंच अडखळतो.
खाली माझी नोंद, जशीच्या तशी:
'अम्मा जेवायला हाका मारतेय, बाकी उद्या.'

एवढ्या मोठ्या कंपनीला
साखर पेठेतून कोण हाका मारणार?
वकील हसले. फी सांगितली.

रात्री नायना जकार्डचे पुठ्ठे ओवत बसले होते.
भोक, भोक, कोरं, भोक.
मान वर न करता म्हणाले,
"आपल्या चादरीवरचा मोर
गुर्रम नरसय्याचा.
शेपटीपाशी एक भोक चुकलंय त्याचं.
मीपण तसंच ठेवलं.
त्याला माहीत होतं."

शेजारचा माग खडखडत राहिला.
वकिलाचा कागद
त्याच चादरीच्या घडीत ठेवलाय.
सही उद्या.