पिवळा तंगूस

कॅम्पातल्या त्या बोळकांडीएवढ्या दुकानात
काउंटरवर चार रिळं मांडून
मुर्तझाभाई म्हणाले, ठळक पाहिजे ना? नारिंगी घ्या,
आंधळ्यालासुद्धा दिसेल.

मी हसलो.
बाविसाव्या वर्षी रेल्वेच्या डॉक्टरनं
ठिपक्यांची वही उघडली, तेव्हाही असाच हसलो होतो.
पानभर ठिपके. आत म्हणे आकडा होता.
बाकीची पोरं धडाधड वाचत गेली,
मला आपले सांडलेले चुरमुरे.
घरी सांगितलं, मार्क कमी पडले.
मग भोसरीला लेथवर तीस वर्षं.
लोखंडाला रंग विचारत नाहीत. माप विचारतात.

म्हणून मापाचं मला सांगू नका, मुर्तझाभाई,
यावर पॉइंट बावीस लिहिलंय, चिमटीत पंचवीस भरतोय.
तरंड्याला जाड तंगूस नको.
वाऱ्याला धरायला जागा मिळते,
काठीपासून तरंड्यापर्यंत पाण्यावर त्याला पोट सुटतं,
आणि मासा ओढतो तेव्हा आधी ते पोट सपाट होतं,
आपल्याला पत्ता लागेस्तोवर गांडूळ फस्त.
ते पोट दिसलं पाहिजे.
दिसलं, की काठीनं उचलून वाऱ्याच्या अंगाला टाकता येतं.
ठळक हवा तो एवढ्यासाठी, माझ्यासाठी.
माशासाठी खाली हातभर बिनरंगी असतोच.

बोलता बोलता रिळं जागेवर ठेवली.
मुर्तझाभाईंची तस्नीम, हिशेबाच्या वहीवरून मान वर करून,
हळूच म्हणाली, काका,
नारिंगीच्या खणात तुम्ही हिरवा ठेवलात.
दोनदा.

दुकानात पंखा फिरत होता.
गळांच्या पुड्या फडफडत होत्या.
चाळीस वर्षं जे कुणाला कळलं नाही
ते या पोरीनं दोन रिळांत पकडलं.
म्हटलं, हो. मला ते दोन्ही चिखलासारखे दिसतात.
एवढंच. म्हणून झालं. छत काही कोसळलं नाही.

ती उठली, फुटपाथवर पाण्याची काळी बादली होती,
तिच्यात मनीप्लँटचं एक पान टाकलं,
आणि एकेक दोरा वर धरत गेली
डोळे तपासल्यासारखी नाही, साडीचा काठ दाखवल्यासारखी.
नारिंगी पानावर नाहीसा झाला.
हिरवा पाण्यावरही नाही.
पांढरा चमकला, पण आभाळही तिथंच चमकत होतं.
पिवळा पानावर जरा विझला
आणि काळ्या पाण्यावर असा पेटला,
की मीच म्हणालो, बास. हा.
मुर्तझाभाईंनी दहा रुपये कमी केले. का, ते विचारलं नाही.

आज डोणज्याच्या बाजूला, धरणाच्या फुगवट्यावर,
सिंहगडाची सावली अजून पाण्यात आहे
आणि तिच्यावरून माझी पिवळी रेघ गेलीय,
पार तरंड्याच्या शेंड्यापर्यंत.
वारा आला. पोट सुटलं. दिसलं.
उचलून टाकलं.
पुन्हा आला. पुन्हा टाकलं.
शेजारचा पोरगा विचारतो, एवढा भडक, मासे पळणार नाहीत का?
म्हटलं, थांब.

आधी रेघ हलली.
तरंडा नंतर.
त्या मधल्या क्षणात मी काठी उचलली होती.
चिलापी. तळहाताएवढी. पोरगा म्हणतो काळी आहे,
असेल.

घरी जाताना टोमॅटो घ्यायचेत.
कुमुद पस्तीस वर्षं बोलतेय,
हा माणूस कधी पिकलेले आणेल तर शपथ.
आज पिशवी तिच्यासमोर ओतेन
आणि मग सांगेन,
आधी चहा होऊ दे.