शिशाचा खिळा

सरकारी माणसाने मोजलं:
पीचची झाडं अकरा,
चरखा एक, डुकरं दोन, मक्याची कणगी अर्धी.
वालासी म्हणाली, आणि सभाघरातला
माझ्या बापाचा बाक?
त्याने पान उलटलं.

बाप खिळेजुळारी. न्यू एकोटाच्या छापखान्यात
चेरोकींची राज्यघटना
त्याने आधी उलटी वाचली होती,
बोटं काळी करत.

शिपाई आले तेव्हा भाकर तव्यावर होती.
ती कुणी उलथली, माहीत नाही.

मिसिसिपीत बर्फाचे तराफे. आठ दिवस नाव मिळेना.
बाप तिथेच राहिला,
कुऱ्हाडीने खणलेल्या वीतभर मातीत.

पश्चिमेला, झाडाखालच्या पहिल्या सभेत
कुणीतरी म्हणालं, वर आपलं नाव लिहा.
वालासीने परकराची शिवण उसवली.
एकच खिळा. "त्सा".
बाकीची अक्षरं
अजून वाटेत होती.