दुसरं टोक

दर मंगळवारी एइनो कार्वोनेन
बुटांवरचा बर्फ दाराशी झटकतो
आणि तळघरातल्या माझ्या टेबलासमोर येऊन बसतो.
मिनेसोटाच्या उत्तरेला, जिथे लोखंडाच्या खाणी बंद पडून
खड्ड्यांची तळी झाली,
तिथल्या काउंटी कचेरीत मी
म्हाताऱ्या शिपायांचे अर्ज टाइप करते.

रकाना नऊ. नोंदीत चूक काय आहे?
तो म्हणतो, लिही, मी स्वयंपाकी होतो हे खरं आहे.
माझी बोटं थांबतात.
असं सुरू करायचं नसतं, एइनो.
तो म्हणतो, जे खरं आहे तिथूनच सुरू करायचं.
दीडशे माणसांची अंड्याची पावडर
मीच कालवायचो, रोज.
त्या एका रात्री नाही.

त्या रात्रीचे कागद सेंट लुईसच्या आगीत गेले.
उरलं एक पान, कडांना करपलेलं.
आडनावात एक अक्षर कमी,
हुद्दा स्वयंपाकी, हजेरी भटारखान्यात.
कोरियातल्या त्या टेकडीच्या अलीकडे
कागदावरचा एइनो भांडी घासतोय.
पन्नास वर्षं झाली, अजून घासतोय.

लेम्युएल प्रिडीचा कागद मात्र शाबूत.
त्याच्या बहिणीनं टेनेसीहून प्रत पाठवली,
इस्त्री केल्यासारखी सपाट.
भर गोळीबारात स्ट्रेचरवरून
तीन जखमींना खाली आणलं,
चौथ्या खेपेला ठार.
पदक, मरणोत्तर.

एइनो ते पान माझ्याकडे सरकवतो,
चष्मा काढून कोटाच्या बाहीला पुसतो.
बाई, स्ट्रेचरला टोकं किती असतात?

हा प्रश्न मी जसाच्या तसा टाइप केला.
सात महिन्यांनी मंडळाचं उत्तर आलं :
अर्जदार तेथे असल्याचा पुरावा नाही.
साक्षीदार असल्यास कळवावा,
अथवा सोबतच्या शिपायाचं वर्णन करावं.

मी मागे होतो, एइनो म्हणाला.
मागच्याला चेहरा दिसत नाही.
मान सांगतो, मान लिही.
डाव्या कानाखाली तीळ,
कॉलर घासून लाल झालेली रेघ,
आणि केस वेडेवाकडे,
कारण आदल्याच दिवशी मी कापले होते,
कोंबडी साफ करायच्या कात्रीनं.
हसला होता तो. आरशात बघून.
तेव्हा मी पाठमोरा होतो, कढईशी.

मी लिहिलं.
तीळ, रेघ, कात्री.
कढई लिहिली नाही.

मग दुसरं पत्र.
आडनावातलं अक्षर परत दिलं होतं.
शिवाय जुन्या हिशेबात सापडलेली
तीन दिवसांची न दिलेली रजा,
त्याचा चेक, अकरा डॉलर चाळीस सेंट.
पदकाबद्दल : विनंती अमान्य.

तो इतका हसला की ठसका लागला.
पाणी दिलं.
पुढच्या मंगळवारी त्या पैशांचा
वेलदोड्याचा पाव घेऊन आला,
सगळ्या कचेरीला पुरेल एवढा,
आणि म्हणाला, नवा फॉर्म काढ.

आता कशाला, एइनो? मी जरा चिडूनच विचारलं.
पदक छातीवर लावून जाणार कुठे आहेस?
त्यानं पावाचे कण एका बोटानं गोळा केले.
पदक राहू दे, म्हणाला.
त्या कागदावर तो एकटाच चाललाय.
तेवढं खोडा.

मार्चमध्ये बर्फ वितळला, तळघरात पाणी शिरलं.
ल ते झ चं लोखंडी कपाट
वर न्यायला हवं होतं, शिपाई जेवायला गेलेला.
मी एक बाजू धरली.
एइनोनं काही न विचारता दुसरी धरली,
बहात्तर वर्षांचे हात,
कपाट हललं.

तू पुढे हो, म्हणाला.
मागे वळून बघू नकोस.
पायरी आली की मी सांगतो.

मी जिन्याकडे तोंड केलं.
मानेवर, केसांच्या खाली,
कुणीतरी बघत असल्यासारखं वाटत राहिलं.
पायरी, तो म्हणाला.