मोड

तात्या मोड घेत.
वेंगुर्ल्याच्या बाजारात, मासळीकट्ट्याच्या वरच्या अंगाला,
एका फळीचं दुकान, तराजू,
गुंजा ठेवायची चंदनी डबी
आणि भिंतीवर पाटी: जुने सोने घेतले जाईल.
दिले जाईल, असं कुठे लिहिलेलं नव्हतं.

होड्या झापांखाली गेल्या की बायका येत,
पदराच्या गाठीला दात लावत.
तात्या अंगठी कसावर ओढीत,
रेघेकडे बघत, बाईकडे नाही.
"मोड ती मोड गो, घडणावळ धरायची नाही."
मग मूस, मग फुंकणी,
आणि तासाभरात कुणाचं तरी लग्न
वाटाण्याएवढं गोल होऊन
पाण्यात चुर्र करी.

तरी काही मुशीत गेल्या नाहीत.
का, ते त्यांनी सांगितलं नाही.
रात्री गल्ला मोजताना आपल्या खिशातले पैसे घालीत
आणि अंगठी टाकीत पावडरच्या पत्र्याच्या डब्यात.
आई म्हणे, मोड मुगाला येतात, सोन्याला नाही.
आधी मूग आणा.

ते गेले तेव्हा डब्यात एकोणीस होत्या.
एक झिजून तार झालेली.
एकीत मोत्याची नुसती खोबण,
एखादा दात पडल्यावर जीभ जशी जाते
तसं बोट तिथे जातं.
एक तर चक्क पितळेची.
तिचे सोन्याचे पैसे तात्यांनी का दिले
हे त्यांच्या वहीतही नाही.
चाळीस वर्षं कस लावणारा माणूस,
चुकला असेल असं मला वाटत नाही.

मी डबा लपवला नाही.
गुरुवारी दुपारी, भांडी आटपली की
सफुरा मुकादम येते, आजोबांची अकीक घेऊन,
चांदी काळी, खडा चहासारखा.
फिलोमीन येते आईची घेऊन,
दवाखान्यात बोट सुजलं तेव्हा कापलेली, नंतर सांधलेली.
कापली म्हणत नाही ती.
वाढवली म्हणते, आमच्याकडून शिकून.
आम्ही तिघी तासभर बोटं बदलतो.
सफुराचं अकीक माझ्या अंगठ्यातच बसतं.

लग्नाकार्याला कुणी मागितली तर देते.
शाळेची दोनरेघी वही आहे:
नेली. आणली.
येताना नक्षीत हळद असते,
कधी तांदळाचं पीठ, कधी मेंदी.
एक आली नाही. ती कतारला आहे.
गाडीच्या चाकावर ठेवलेल्या हाताचा फोटो येतो दिवाळीला,
तेवढं 'आणली'च्या खाली लिहिते.

भागू गिरप पाटी घेऊन मागच्या दारी येते,
वीस वर्षं येते.
यंदा डबा पायरीवर उघडा होता.
तिने हात धुतले, आमसुलाच्या पाण्याने परत धुतले,
आणि न शोधता एक उचलली.
"आयेची.
ही खाच बघ. कालवां काढताना कोयतो लागललो."

मी म्हटलं, ने.
तिने घालून बघितली. पेरावर अडली,
थुंकी लावली, गेली.
मग बराच वेळ ती बांगड्यांकडे बघत राहिली,
ताजे होते, डोळे लाल नव्हते.
"नको. आमच्या घरात ती आठ दिस टिकाची नाय.
ऱ्हवांदे हयच. मी येतंयच मा."

तेव्हापासून येते, पाटी उतरते,
डब्यातून अंगठी घेते, घालते,
आणि ती घालूनच माझे मासे साफ करते.
खवले खाचेत बसतात.
मग अंगठी विसळून, पदराला पुसून डब्यात.
भाव कमी करत नाही. मीही मागत नाही.

वहीत तिचं नाव घातलेलं नाही.
काय लिहू, नेली की आणली?

आता डबा उघडला की
एकोणीसच्या एकोणीस, नव्हे अठरा,
सगळ्यांना बांगड्याचा वास.
सफुरा नाक मुरडते.
फिलोमीन म्हणते, असू दे,
आणि पितळेची बोटात घालून
उन्हात धरून बघते.