अकरा हात

तरणतलावाच्या दाराशी मी फळा ठेवतो,
रोज साडेसहाला, अंधारातच.
नोव्हेंबरात इथे उजाडायला जवळजवळ अकरा वाजतात
आणि फ्योर्डवरचा वारा
खडूची अर्धी अक्षरं माझ्याआधी वाचून घेतो.
एक वाक्य. खाली दोन चौकोन : खरं, खोटं.

‘जेवल्यावर तासभर पाण्यात उतरू नये.’
मासळीच्या कारखान्यातला ईसलेवुर
हातातला पाव संपवत संपवतच
गरम कुंडात उतरतो.
म्हणतो, माझ्या पोटाला विचारा, ते माझ्याहून जास्त पोहलंय.

‘ज्याची हाडं जड, तो बुडतो.’
गीदा शाळेत शिकवते, तिला सिद्ध केल्याशिवाय राहवत नाही.
छाती भरून आडवी होते : तरंगते.
श्वास सोडते : आधी पाय, मग कंबर, मग नुसती टोपी.
वर येऊन नाक शिंकरते. हाडं तीच होती, म्हणते.

‘क्लोरीनचा वास जितका उग्र, तितकं पाणी स्वच्छ.’
याचं उत्तर मी दिलं. वास पाण्याचा नाही, मंडळी,
अंगाला पाणी न लावता उतरणाऱ्यांचा आहे.
त्या दिवशी शॉवर बराच वेळ वाहत राहिले
आणि कुंडात सगळे एकमेकांपासून जरा लांब बसले.

स्टेनव्होर असायची. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, गळ्यापर्यंत पाण्यात,
वाफेत ठेवून दिल्यासारखी.
पलीकडचे पंचवीस मीटर तिने वीस वर्षं
फक्त पाहिले. चौकोनात खूण कधी केली नाही.

मग एका मंगळवारी मी लिहिलं :
‘बुडणारा माणूस हात हलवून ओरडतो.’
सगळ्यांनी ‘खरं’वर खूण केली. पाद्रीबुवांनीसुद्धा.
मी सांगितलं, जसं मला शिकवलंय तसं :
ओरडायला श्वास लागतो, तो शिल्लक नसतो.
हात वर येत नाहीत, बाजूला पाणी दाबत राहतात,
नसलेली शिडी चढल्यासारखे.
अर्धं मिनिट. कधी तेवढंही नाही.

वाफेतून स्टेनव्होर म्हणाली, मुळीच आवाज नाही?
मुळीच नाही.
आणि पाठ वळलेली असेल तर?
तर काहीच कळत नाही, मी म्हटलं.

मग ती बोलली, आमच्याशी नाही, समोरच्या पाण्याशी.
थोर्गिल्स चौदाचा होता. मी नऊची.
धक्क्यावर बसून कॉडची डोकी दोरीत ओवत होते.
नंतर कोणीतरी वल्ह्याने मोजलं :
धक्क्यापासून अकरा हात.
तुला ऐकू यायला हवं होतं,
असं आई कधी म्हणाली नाही.
एकदाही म्हणाली नाही.

ईसलेवुरने पाव कठड्यावर ठेवला.
एकोणसत्तर वर्षं, गीदाने मनातल्या मनात वजाबाकी केली असावी,
कारण तिचे ओठ हलले.

दुसऱ्या दिवशी मी यायच्या आत फळा लिहिलेला होता.
थरथरतं, जुन्या वळणाचं अक्षर :
‘दर्यावर जाणाऱ्याने पोहायला शिकू नये,
मरायला वेळ लागतो.’
खाली बारीक : असं वडील म्हणत.
त्या दिवशी कोणी खडू उचलला नाही.
इथल्या प्रत्येक घरात हे वाक्य कोणीतरी म्हणून गेलेलं आहे,
आणि म्हणणारे बहुतेक परत आलेले नाहीत.
मी ते पुसलं नाही. रात्री बर्फ पडला, त्याने पुसलं.

शुक्रवारी ती उथळ टोकाच्या पायऱ्यांवर उभी होती,
नातीची लाल टोपी, एक हात कठड्यावर.
मला म्हणाली,
मी लापशी खाऊन आलेय. आत्ताच. वाडगाभर.
चालेल, मी म्हटलं.

पाणी तिच्या गुडघ्यांना लागलं, मग कमरेला.
तोंडाने ती काहीतरी मोजत होती.
मागून गीदाने मला हाक मारली,
टॉवेल संपलेत, की असंच काहीतरी.
मी मान वळवली नाही.